छटा क्रमांक एक्केचाळीस आणि माझ्या अकरा वह्या

मी, उखा चिंधा सपकाळे, वय एक्कावन्न, धंदा कापड रंगवण्याच्या कारखान्यात रंगमास्तर, राहणार डिंडोली, सुरत, शाळा चौथीपर्यंत, पुढचे सगळे स्वतः वाचून शिकलेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वहस्ते लिहितो. सोमवारी माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर "काळजी नको" असे दोनदा म्हणाले. एकदाच म्हणाले असते तर हा कागद लिहिला नसता.

१. दोन खोल्यांचे घर व पोस्टातील शिल्लक पत्नी धुरपदाबाई हिला.

२. पितळी तराजू व दोन थर्मामीटर मुलगी सुधा हिला. वजने मी दरवर्षी तपासून घेतली आहेत. कॉलेजातल्या वजनांचे मला माहीत नाही.

३. रंगांच्या अकरा वह्याही सुधालाच. अडुसष्टच्या पुरात कतारगामच्या खोलीतून मी आधी या वह्या बाहेर काढल्या. धुरपदाबाई ओरडली, "पोर पानीमा उभी शे, नि तुम्हले वह्या सुचतीस!" ते ती अजून काढते. परंतु वह्यांचे कारण वेगळे आहे. एकसष्ट साली कारखान्यातल्या एका पदवीधर केमिस्टाने माझी वही दोन दिवसांसाठी नेली. महिन्याने माझीच कृती त्याच्या नावाने ऑफिसात टांगलेली. मी बोललो तर शेठ म्हणाले, "तमे लिहिली याचा पुरावा?" तेव्हापासून प्रत्येक छटेचा रंगवलेला कापडाचा तुकडा मी अर्धा कापतो, अर्धा वहीत, अर्धा पेटीत. पोच घेतल्याशिवाय कागद देत नाही. आणि दिलेल्या नकलेत एक आकडा मुद्दाम चुकीचा लिहितो, म्हणजे चोर आपल्याच छपाईत सापडेल.

४. सुधा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचे प्राध्यापक प्रभाकर नारायण सोवनी हे तिच्याकडून रंगांच्या पक्केपणावर संशोधन करून घेतात. बी.एस्सी.च्या मुलीकडून संशोधन कोण करून घेतो? जास्तीचा पगार नसताना रविवारी प्रयोगशाळा कोण उघडतो? तीन रविवार मी बाहेरच्या बाकावर बसून पाहिले. त्यांनी चहा विचारला, मी घरून पिऊन आल्याचे सांगितले. माझ्या वहीची नक्कल त्यांना हवी होती, ती पोच घेऊन दिली. छटा एक्केचाळीस, गडद निळा. त्यात पंचावन्न डिग्रीच्या जागी पंचाहत्तर लिहिले. तेवढ्या उष्णतेला हा निळा राखेसारखा मळका येतो.

काल सुधा जेवायला बसली नाही. म्हणाली, "नऊ वेळा केलं, बाबा. मळकाच येतो. सर म्हणतात, तुझ्या वडिलांची वही चुकणार नाही, आपलाच थर्मामीटर बघू. नवा आणला त्यांनी."

"मग ती छटा गाळून टाक."

"गाळायची नाही म्हणतात. जे आलं ते लिहायचं. बुधवारी अहवाल जातो."

अहवालाचे पहिले पान तिने दाखवले. वर सुधाचे नाव, त्याखाली "कृती : उखा चिंधा सपकाळे", सोवनींचे सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात. असे का, याचा मी पुष्कळ विचार केला. म्हणजे बुधवारी माझ्या नावाखाली माझीच खोटी कृती छापली जाणार, आणि पोरीची नऊ वेळची मेहनत नापास.

५. छटा एक्केचाळीसचा खरा आकडा लाखेने बंद केलेल्या पाकिटात आहे. ते माझ्या मृत्यूनंतरच फोडावे.

६. साक्षीदारांनी फक्त माझी सही पाहावी. मजकूर वाचू नये.

लिहिले : डिंडोली, सुरत, शनिवार, ता. ९ मार्च १९७४.

दुरुस्ती, रविवार, ता. १० : कलम ५ रद्द. पाकीट आज सकाळी प्रयोगशाळेत मी स्वतः फोडले. सुधा एवढेच म्हणाली, "नऊ वेळा, बाबा." नंतर तिने पाणी पंचावन्न डिग्रीला लावले. दहाव्या खेपेचा तुकडा पेटीतल्या अर्ध्याशी दारातल्या उजेडात लावून पाहिला. जुळला. सोवनी म्हणाले, "सपकाळे, ते नऊ तुकडेही अहवालात जातील. कारणासकट." माझी हरकत नाही. चहा घेतला, साखर जास्त होती. मूळ वही त्यांच्याकडे ठेवली आहे. पोच घेतलेली नाही.

सही : उखा चिंधा सपकाळे

साक्षीदार :
१. भिवा गंगाराम तायडे, शेजारी. (कलम ६ प्रमाणे, न वाचता.)
२. प्रभाकर नारायण सोवनी, प्राध्यापक. (कलम ६ यांना लागू नाही. मी समोर बसून सगळे वाचायला लावले.)