डब्यावरचा चमचा

३ मार्च

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

आजी नावाची एक म्हातारी अजून या घरात आहे, हे आठवत असेल तर पुढे वाच. नसेल आठवत तर पत्र शेजाऱ्यांना दे, त्यांची तरी करमणूक होईल.

मी सांगते, तुझी काकू लिहिते. तुझी पत्रं वाचतेही तीच, आणि माझे कान असे की तिला ओरडून वाचावं लागतं. तुझी खुशाली माझ्याआधी गल्लीला कळते.

तुझ्या काकाचा आनंद पोटात मावत नाही. धरणात सोडलेल्या त्याच्या माशांचं काय झालं हे तपासायला आपलीच पुतणी गेली म्हणून. नदीतली ही मूळची जात धरण झाल्यावर दिसेनाशी झाली होती. यानेच ती त्याच्या मत्स्यबीज केंद्रात अंड्यांपासून वाढवली. खायला घालताना चमचा डब्यावर वाजवला की सगळी पिल्लं तोंडं वासून वर येतात. काकू म्हणते, माझ्या हाकेला हे स्वतः कधी असे आले नाहीत. (हे लिहायला ती तयार नव्हती.)

तुझा अहवाल वाईट निघाला तर केंद्राला कुलूप लागेल, असं साहेब म्हणालेत. तो हसतो, पण जेवण कमी झालंय. जे असेल ते कळव. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी


१९ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

विसरले नाही गं, जाळी ओढून हात सोलवटले आहेत, पेन धरवत नाही.

ओळखू यावा म्हणून काकांनी प्रत्येक माशाचा एक छोटा पर कातरून सोडला होता. तसा मासा जाळ्यात एकही लागत नाही. पाणी चांगलं आहे, खायला भरपूर आहे. मला काही उमजेना. मग होडीवाल्यांनी सांगितलं. होडीत साचलेलं पाणी ते डब्याने उपसतात. डबा लाकडावर आपटला की हे मासे वर यायचे. आधी बगळ्यांना कळलं, मग माणसांना. लोक काठावर डबे वाजवायला लागले आणि टोपल्या भरून घेऊन गेले. नदीत जन्मलेला मासा त्या आवाजाला तळाशी पळतो. आपला जेवायला आला.

महिनाअखेरीस अहवाल द्यायचा आहे. डब्याचं लिहिलं नाही तर दोष पाण्यावर जाईल, काका सुटतील. पण पुढची पिल्लंही अशीच मरतील. लिहिलं तर काकांना तोंड कसं दाखवू? तूच सांग.

आणि हे काकांच्या कानावर एवढ्यात जाऊ देऊ नका. तुझी माया सुटू नये.

तुझी टिटवी


२४ मार्च

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

अगं विसरभोळे, अशी सूचना पत्राच्या शेवटी लिहितात का? काकू वाचत वाचत तिथे पोचली, तेव्हा तुझा काका अर्ध्या गालाला साबण लावून दारात उभा होता. टोपल्यांची ओळ त्याने पुन्हा वाचायला लावली. मग उरलेली दाढी न करताच बाहेर पडला.

धरणावर गेला होता. दिवस मावळेपर्यंत काठावर बसून डबा वाजवत होता. एकही वर आला नाही. आला असता तर बरं वाटलं असतं की वाईट, हे त्यालाही सांगता येईना.

तेव्हापासून केंद्रात जात नाही. ताटाला चमचा लागला तरी दचकतो. काकू हाताने वाढते, आवाज न करता. आता हे लिहितानाही तिचं पेन थांबतंय. मी म्हटलं, रड, पण अक्षर नीट काढ.

काल तो एवढंच बोलला, की टिटवीला सांग, डब्याचं सगळं लिही, वाजवणारा कोण तेही लिही. तेव्हा लिही बाई. केंद्राचं व्हायचं ते होईल. दुसरा कुणी पिल्लं वाढवेल, तर निदान गुपचूप खायला घालेल.

घरात आम्ही दोघी आहोत. तू आमची काळजी करू नकोस, त्याची कर, आणि मला विसरू नकोस म्हणजे झालं.

दातांना जमतील अशी मऊ बिस्किटं पाठव. डब्यात नको. कागदात बांधून पाठव.

तुझी आजी