बालपणाचा रकाना

सोमवार, ३ तारीख

निवृत्तीनंतर सात वर्षांनी आज पुन्हा कामावर. डबा घेऊन निघालो तर ताई दारात उभी राहून म्हणाली, "बाळ शाळेत चाललं गं बाई." ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, आणि आता आम्ही दोघं म्हातारे एका छपराखाली भांडत असतो.

काम मनाजोगतं आहे. गुन्हा शाबीत झाला पण शिक्षा ठरायची आहे, अशा माणसाशी बोलून त्याच्या मनाचा अहवाल न्यायाधीशांना द्यायचा. तिसऱ्या मजल्यावर खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. भिंतींचा फिका हिरवा रंग थेट आमच्या तिसरीच्या वर्गातला. बगळ्याची कविता आम्ही सगळे बाकं हलवत चालीवर म्हणायचो. आजूबाजूला कुणी नव्हतं, तेव्हा दोन कडवी म्हणून घेतली.

गुरुवार, ६

पहिला माणूस. कुलपं दुरुस्त करायचा, वय चाळिशीचं. ज्या थोरल्या भावानं त्याला वाढवलं, त्याचाच त्यानं खून केला. का, ते पोलिसांना सांगितलं नाही, वकिलालाही नाही. बोलतो मात्र अदबीनं. लहानपणाचं विचारलं की म्हणतो, "आठवत नाही, साहेब." लपवत नाही. रिकाम्या खिशात हात घालून चाचपावं, तसा चेहरा होतो त्याचा.

शुक्रवार, १४

कागदपत्रं तपासणाऱ्या शिरस्तेदारांनी अहवाल तिसऱ्यांदा परत पाठवला. आक्षेप एकच: बालपणाचा रकाना कोरा. खाली जाऊन सांगितलं, अहो, त्याला आठवतच नाही, हेच तर महत्त्वाचं आहे. चष्म्यावरून बघत म्हणाले, "कोरा रकाना वर जात नाही, साहेब. लिहा काहीतरी. बालपण काय, सगळ्यांचं सारखंच." आधीचे साहेब म्हणे एकच परिच्छेद सगळ्यांना चिकटवायचे.

दगडावर डोकं आपटून दगड फुटतो का? संध्याकाळी वैतागून स्वतःचंच बालपण लिहून टाकलं. ताईच्या जागी भाऊ केला. पाटी, बगळ्याची कविता, तापात कपाळावर ठेवलेली ओली घडी. लाज वाटली. पण वाचून न्यायाधीश विरघळले आणि फाशी टळली, तर त्यात कुणाचं काय गेलं?

सोमवार, १७

अहवाल वर जाण्याआधी त्या माणसानं वाचून खाली सही करायची, असा इथला नियम. कुलूपवाल्यानं बालपणाचा भाग दोनदा वाचला. डोळे भरून आले. म्हणाला, "आठवलं, साहेब." मग सांगू लागला, गुरुजी कवितेला टेबलावर ताल धरायचे, बोटातली अंगठी वाजायची.

खरं आहे, वाजायची. पण अंगठीचं मी लिहिलं नव्हतं.

बुधवार, १९

बगळ्याची कविता आठवेना. पहिला शब्दही नाही. ताईला विचारलं, तर तिनं भाजी निवडता निवडता अख्खी म्हणून दाखवली. कुणा परक्याची वाटली. मग तिनं माझ्या तापाची गोष्ट काढली. मला कधी ताप आला होता? "कसा रे विसरलास? थांब, मी सांगते." आणि हसत सुटली. संताप आला. तिच्यावर असा कधी आला नव्हता.

शुक्रवार, २१

अहवाल मागे घ्यायला गेलो. शिरस्तेदार म्हणाले, नोंद झाली, आता अर्ज, तीन प्रती आणि दोषीची लेखी संमती. तुरुंगात गेलो. कुलूपवाला अंगानं भरल्यासारखा दिसला, गुणगुणत होता. चाल ओळखीची असावी, पण कुठली ते आठवेना. हात जोडून म्हणाला, "दिलेलं परत मागू नका, साहेब." मी उठलो तर हळूच म्हणतो, "दादाला मी का मारलं, ते आता तुम्हाला कळेल."

रविवार, २३

कळलं. आत काहीच नाही, आणि एक माणूस रोज समोर बसून तुमचं आयुष्य तुम्हाला सांगतो. लाडानं. हसत. जणू त्याच्याच मालकीचं.

ताईला म्हटलं, काही दिवस तुझ्या लेकीकडे जा. म्हणाली, "तुला एकट्याला टाकून? वेड लागलंय का?" हात जोडले. जात नाही ती.

सोमवार, २४

कामावर गेलो नाही. आतून कडी लावली आहे. ताई बाहेर बसून बोलते आहे — शाळेचा पहिला दिवस — मी रडलो म्हणे — कुणाच्या कडेवर —

तिला वाटतं, मी आजारी आहे.

मंगळवार

दार उघडलं. मी नाही. म्हणजे मीच, पण —

ताई खिडकीशी बसली आहे, पाठ माझ्याकडे. पडदा शिवते आहे, कात्री शेजारी. पेन सोडायचं नाही. पेन धरलेलं असेतो हात इथंच —

सांगतेच आहे. "तू लहान होतास ना, तेव्हा तू —"

ताई, गप्प बस ना. ताई, तू उठून जा, मी उठायच्या आ