किल्केनीतल्या पायऱ्या

प्रिय सुमन,

विचारायचं आहे आणि तू समोर नाहीस, म्हणून लिहितोय. काल सुनेनं तुझी प्रवासाची बॅग रिकामी केली. म्हणाली, "बाबा, हे आईंचं बुक. डोनेट करू?" आयर्लंडच्या किल्केनी काउंटीतले किल्ले, चर्च, जुनी घरं. गेल्या वर्षी तू तुझ्या मैत्रिणीबरोबर, शैलाबरोबर गेलीस, तेव्हाचं.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मी इथे प्लेनोत, आपल्या निखिलच्या घरी. तू रोज फोन करायचीस. शाळेत पाठ केलेल्या कवितांमधले बुरूज डोळ्यांपुढे आणून मी विचारायचो, "वरून नदी दिसते का गं?"

"दिसते. तुमची कविता ठेवा बाजूला, पायऱ्या ऐका," म्हणायचीस आणि आकडा सांगायचीस. मी तो कॅलेंडरवर लिहून ठेवायचो.

काल ते आकडे पुस्तकाशी ताडून पाहिले. सगळे जुळले, एकूण एक. तिथेच मला शंका आली. जेजुरी असो की पर्वती, लिहिलेला आकडा तुला कधी पटला होता का? "दोन कमी सांगितल्यात," म्हणून पुन्हा खालपासून मोजणारी तू! मग आयर्लंडमध्ये सगळंच बरोबर कसं?

फोटो काढून बसलो. चर्चमध्ये तू आहेस, मोठ्या घरांच्या दिवाणखान्यात आहेस. बुरुजावर मात्र एकटी शैला. तिला फोन लावला.

"भाऊजी, फोटो काढायला ती खाली थांबायची."

"प्रत्येक किल्ल्यावर?"

मग म्हणाली, "दम लागायचा तिला. तुम्हाला सांगू नको म्हणाली. लगेच परत बोलावतील म्हणे."

बोलावलंच असतं! परत आल्यावर चार महिन्यांत तुझं हृदय थांबलं. आधी दाखवायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी त्यांच्यावरच चिडलो. तू मला पुस्तक वाचून दाखवत होतीस का गं? आणि ती नदी? ती कुणी पाहिली?

तुझ्यावर रागवायला बसलो होतो, पण जमेना. निखिल रोज ऑफिसच्या कॉलमधून डोकं काढून विचारतो, "बाबा, वॉक झाला?" मी म्हणतो, "मस्त." महिनाभर तिसऱ्या घरापाशीच छातीत भरून येतंय. तिथून परततो, गराजच्या आडोशाला वेळ काढतो आणि मग आत येतो.

त्याचा कॉल आत्ता संपलाय, खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. हे पत्र घडी न घालता इथेच ठेवतो आणि खाली जाऊन त्याला सगळं सांगतो. शब्द देतो तुला, "मस्त" म्हणणार नाही.

तुझा,
वसंत