तात्यांचा कान, माझं माप

८ जानेवारी, गुरुवार
माफी. दिवाळीच्या आधीपासून या वहीत एक ओळ नाही. माफी कुणाची मागतेय ठाऊक नाही, वहीचीच बहुधा. कारणं नेहमीचीच. दोन ऑडिट, सासूबाईंचा मोतीबिंदू, आणि चाकणहून परतीची बस. तिच्यात दीड तास बसून रहाटणीला उतरलं की पेन उचलवत नाही.

आज सुट्टी. चारला रावेतला तात्यांकडे. कंपनीला सुट्टी गुरुवारी म्हणून आमचं ऐकणंही गुरुवारी, सहा वर्षं झाली. आम्ही तिघंच. तात्या, ज्यांच्या हाताखाली मी टूलरूममध्ये ट्रेनी होते. मी. आणि तात्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू समीर, लातूरचा, आयटीत. त्याला गुरुवारची सुट्टी नाही. लॅपटॉप मांडीवर घेऊन मीटिंग म्यूट करून बसतो, मधेच "येस, अ‍ॅग्रीड" म्हणतो आणि परत आमच्यात येतो.

वाद तोच. तात्यांकडे एका जुन्या जॅझ रचनेची रेकॉर्ड आहे. तीस वर्षांपूर्वी परदेशातून मशीन बसवायला आलेला माणूस जाताना देऊन गेला. साडेसात मिनिटं, सगळा पसारा दोनच सुरावटींवर. एका सुरावटीवर बराच वेळ राहायचं, अर्धी पायरी वर जायचं, परत खाली यायचं. समीर दर आठवड्याला कुणीतरी नव्याने वाजवलेली तीच रचना शोधून आणतो. आजच्यात ठोके संगणकाचे होते आणि मागे एक बाई गुणगुणत होती.

तात्या म्हणाले, "दोन खोल्यांचं घर हाय ते. ह्या खोलीतनं त्या खोलीत जायला घाई न्हाई. ह्यांनी दोन्ही खोल्यांत फर्निचर कोंबलंय."

समीर म्हणाला, "तात्या, ज्यांनी पहिल्यांदा वाजवलं तेबी तवा नवीनच होते की. त्यांनाबी कुणीतरी म्हणलं असंल, हे गाणं पुढं का सरकंना?"

काकू चहा ठेवता ठेवता: "तीस वर्सं एकच गाणं. लग्नात माझी साडी कंच्या रंगाची व्हती, इचारा बरं ह्यांना."

तात्यांनी कप उचलला.

मला दोघांचंही पटतं. शेवटी जो बोलला त्याचं जरा जास्त. याला मत म्हणत नाहीत, दमणूक म्हणतात.

१० जानेवारी, शनिवार
आमच्या मेझरमेंट रूममध्ये नवा इन्स्पेक्टर आला की त्याची परीक्षा घेतात. दहा पोलादी पिना जाडी मोजायला द्यायच्या, त्यातली एक न सांगता पुन्हा द्यायची. दोन्ही वेळा माप तेच आलं तर माणूस भरवशाचा. आज एकाची घेतली. बसमध्ये वाटलं, गुरुवारी हेच का करू नये? नाव न सांगता ऐकवायचं, दहापैकी गुण द्यायचे. सहा वर्षं नुसतं बोलतोय.

१५ जानेवारी, गुरुवार
केलं.

क, ख, ग, घ अशा चार चिठ्ठ्या. ख आणि ग नवी रूपं, समीरच्या आवडीची. क म्हणजे मूळ, तात्यांच्याच रेकॉर्डवरून समीरने मागे करून ठेवलेली फाइल. आणि घ म्हणजे पुन्हा मूळ. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. तीच फाइल दोनदा लावली असती तर समीरला फोनवर नाव दिसलं असतं, म्हणून दुसरी नेटवरून उतरवली. तेच वादक, तेच रेकॉर्डिंग, तेच साल.

तात्यांनी क ला नऊ दिले. "ह्योच." ख ला पाच, ग ला सहा (समीर एकदम खूश). घ ला चार. म्हणाले, "पोरं हुशार हायती. पर घाईत हायती. सूर बी जरा चढलाय. नक्कल हाय चांगली."

मग मी सांगितलं. सांगताना उभी राहिले होते, हेही लिहायला हवं.

समीर हसत सुटला. "तात्या, सापडलात की!" काकूही हसल्या. तात्यांनी चिठ्ठी परत हातात घेतली, चष्मा वर करून पाहिली. "व्हय का," एवढंच म्हणाले. प्लेअरवर कापड टाकलं. तिळगुळाची ताटली माझ्याकडे सरकवली, स्वतः घेतला नाही. साडेपाचलाच आम्ही उठलो.

एक मिनिटभर मला फार बरं वाटलं होतं. परीक्षा चोख झाली होती.

१६ जानेवारी, शुक्रवार
ट्रेनी असताना तात्यांनी माझीही हीच परीक्षा घेतली होती. एकाच पिनेची दोन मापं मी वेगवेगळी लिहिली. तेव्हा टूलरूममध्ये बाकी कुणी नव्हतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते मुद्दाम थांबले होते. पिन फक्त परत माझ्यासमोर ठेवली.

मी मात्र त्यांच्याच घरात, त्यांच्या बायकोसमोर.

२२ जानेवारी, गुरुवार
चारला गेले. हॉलमध्ये प्लेअर नाही. त्या जागी काकूंनी तुळशीच्या रोपाची कुंडी आणून ठेवली आहे. प्लेअर आणि रेकॉर्ड तात्यांनी सोमवारी समीरला देऊन टाकलं. समीर नको नको म्हणत होता, तर त्यांनी स्वतः जिना चढून नेऊन ठेवलं.

तात्या मागे अंगणात पाइपने पाणी मारत होते. काकूंनी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, वय आणि प्रेसशॉपच्या दणदणाटाजवळची नोकरी पाहता कान बरा आहे, बारीक आवाज थोडे कमी येतात एवढंच. मी म्हटलं, मग झालं की तात्या.

पाइप बंद न करता म्हणाले, "डॉक्टर अंदाज सांगतो, वैशाली. तू मोजलंस. तुझा हात म्या बसवलाय. तुझं माप चुकायचं न्हाई."

रागाने म्हणाले असते तर सोसलं असतं. कौतुकाने म्हणाले.

पुढे म्हणाले, जी गोष्ट ओळखता येत नाही तिच्यावर सहा वर्षं पोरांशी भांडत बसलो, आता लाज वाटते. समीर जे आणतो ते खुशाल ऐका म्हणाले, वर बसून.

वर गेलो नाही कुणीच.

२६ जानेवारी, सोमवार
सुट्टी. महेश त्याच्या आईला घेऊन डोळ्यांच्या तपासणीला गेलेला. घरात एकटी. कपडे वाळत घातले आणि दोन्ही फाइल परत काढल्या, क आणि घ. काय शोधत होते? स्वतःला सोडवायची वाट, खरं लिहायचं तर.

घ ची लांबी नऊ सेकंदांनी कमी आहे.

आधी वाटलं शेवटची शांतता कापली असेल. म्हणून क माझ्या फोनवर आणि घ महेशच्या जुन्या फोनवर, दोन्ही एकदम सुरू केले. दहाव्या सेकंदाला दोघांत फट. मिनिटभरात तर दोन वेगवेगळी माणसं एकमेकांच्या मागे धावताहेत असं. आणि घ चा सूर वर. थोडासाच, पण वर.

"घाईत हायती. सूर बी जरा चढलाय." मी हे या वहीत माझ्याच हाताने लिहिलंय.

परीक्षेत तीच पिन दोनदा द्यायची असते. मी एकाच खोक्यातल्या दोन पिना दिल्या आणि तीच म्हणून सांगितलं. बावीस वर्षं हे काम करते मी.

तात्यांचा कान शाबूत आहे. एकटीच असून मोठ्याने बोलले हे. समीरला लगेच फोन केला.

२७ जानेवारी, मंगळवार
पण बरोबर कोण? क की घ? काल हा प्रश्न मनात आलाच नाही, इतकी सुटल्यासारखी झाले होते.

जेवणाच्या सुट्टीत आणखी दोन ठिकाणच्या प्रती तपासल्या. दोन्ही घ शी जुळतात, सेकंदाला सेकंद. संध्याकाळी समीरला सांगितलं, रेकॉर्डच्या कडेला कागदाचा कपटा चिकटव आणि तीन मिनिटांत किती फेरे होतात ते मोज. शंभर व्हायला हवेत. त्याने दोनदा मोजले.

अठ्ठ्याण्णव.

प्लेअरचा रबरी पट्टा सैल आहे. कधीपासून, देव जाणे. म्हणजे तात्यांनी इतकी वर्षं ती रचना वाजवली गेली त्याहून हळू आणि खालच्या सुरात ऐकली. ज्याला ते मूळ म्हणतात ते त्या वादकांनी कधी वाजवलंच नव्हतं. खोल्या मोकळ्या होत्या त्यातला थोडा मोकळेपणा रबराचा.

समीर मग म्हणाला, "ताई, सगळ्यात वेगळं व्हर्जन तर तात्यांचंच निघालं की ओ." हसत नव्हता.

कान परत द्यायचा तर मूळ काढून घ्यावं लागतं.

२९ जानेवारी, गुरुवार
रावेतला गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. दुखत नव्हतं.

समीरने सुचवलं: गुपचूप नवा पट्टा घालू, प्लेअर खाली नेऊन देऊ, सांगू की ताईची फाइल खराब होती. ऐकायला बरं वाटलं. पण नव्या पट्ट्यावर पहिल्याच मिनिटाला तात्या म्हणतील, हा तो न्हाई. आणि तेव्हा त्यांना वाटेल कान खरंच गेला. जुना पट्टा तसाच ठेवून फाइलवर खापर फोडलं तर सगळे सुखी. ते ऐकतील, समीर भांडेल, काकू टोमणे मारतील. माझ्या रूममध्ये कुणी अर्धंच माप रिपोर्टवर लिहिलं तर मी त्याला काय म्हणते ते मला ठाऊक आहे.

पण माणूस म्हणजे पिन नव्हे. हे मला पंधरा तारखेला सुचायला हवं होतं. आज ते सोयीचं आहे म्हणून सुचतंय का?

संध्याकाळी काकूंचा फोन. चारला तात्या हॉलमध्ये बसत नाहीत, जिन्याच्या पायरीवर बसतात. काकूंना वाटतंय आमचं भांडण झालं. "मला तं कटाळा यायचा गं त्या गाण्याचा," म्हणाल्या. "आता चारला घड्याळाकडं बघती मी."

मी म्हटलं, येते काकू. कधी ते नाही सांगितलं.

३१ जानेवारी, शनिवार
शिफ्टमध्ये लक्ष नव्हतं. एक रीडिंग तीनदा घेतलं.

नेटवरची फाइल परत ऐकली, बरोबर वेगाची. चांगली आहे, यात शंका नाही. वादक जागे वाटतात. मग तात्यांची ऐकली. तेच वादक, पण दुपारी जेवून बसलेले. मला तात्यांची जास्त आवडली. सवयीने आवडली की खरंच, ते सांगता येत नाही. दोनदा ऐकून दोनदा तेच वाटलं, एवढंच लिहू शकते.

समीरला हे मेसेजमध्ये लिहिलं. त्याचं उत्तर: "मलाबी. तात्यांना सांगू नका."

१ फेब्रुवारी, रविवार
आज कामावर. बसमध्ये खिडकीशी जागा, तरी झोप नाही.

आठवडाभर मनाशी म्हणतेय की तात्यांना सोसणार नाही. मी कोण ठरवणार? या माणसाने दहा हजार भाग स्वतःच्या हाताने रिजेक्ट केले, चांगले दिसत असूनही. त्यांना न सोसण्याची भीती नाही मला. माझं माप चुकायचं नाही असं ते म्हणाले, आणि ते पुन्हा कधी म्हणणार नाहीत, ही भीती आहे. एवढ्यासाठी म्हातारा माणूस पायरीवर बसलाय.

माझी परीक्षा चुकली हे सांगायचंच. आणि पट्ट्याचं? ते सांगायचं का? विचारतील. पहिला प्रश्न तोच विचारतील, कुठली पिन बरोबर होती. त्यांनी विचारल्यावर मला खोटं बोलता येणार नाही, आणि न विचारता सांगवणार नाही. इथवरच कळतंय.

महेश म्हणाला, फोन कर ना. फोनवर नको.

उद्या: परतीच्या बसमधून रावेतला उतरणे.