बर्फात ठेवलेली खुर्ची

बुधवार, १७ जानेवारी

प्रिय आर्लन,

तीन वर्षं पत्र नाही, फोन नाही. तुझी नाताळची तिन्ही कार्डं मिळाली, तिन्ही मी फ्रिजवर लावली, आणि एकालाही उत्तर दिलं नाही. त्याबद्दल माफी मागते. कामात होते असं लिहिणार होते, पण आपल्या गावच्या वाचनालयात किती काम असतं ते तुला माहीत आहे.

मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे? घरी सगळे ठीक, म्हणजे मी ठीक. गेल्या आठवड्यात वाचनालयातली गरम पाण्याची नळी फुटली. पुस्तकं भिजण्यापासून वाचली, पण दुरुस्तीसाठी सात दिवस कुलूप लागलं आणि मला न मागता सुट्टी मिळाली.

वर तारीख आहे, ठिकाण नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. हात अडला. आता लिहिते: शिकागो. तुझ्याच शहरात आहे मी, शनिवारपासून. तुझ्या घरापासून बसने पस्तीस मिनिटांवर.

सगळ्यांना मी सहल म्हणूनच सांगितलं. जानेवारीत इथे कोण येतं, म्हणून बस स्वस्त, राहणं त्याहून स्वस्त. एका खोलीत आठ जणींचे पलंग, एकावर एक. माझा खालचा आहे. वरच्या पलंगावरची मुलगी रोज बदलते. त्यांचे फक्त पाय मला ओळखू येतात. स्वयंपाकघर सामाईक आहे. मी ब्रेड आणि शेंगदाण्याचं लोणी आणून ठेवलं आहे, डब्यावर नाव लिहिलं आहे. कालपर्यंत दिवसभरात मी जे काही बोलत होते ते बहुतेक ‘थँक यू’ एवढंच. रविवारी मोजून पाहिलं, अकरा वेळा.

फुकटात उबदार असलेल्या सगळ्या जागा मला आता ठाऊक झाल्या आहेत. वाचनालय (तिथेही मी पुस्तकांच्या पाठी सरळ करत बसले), संग्रहालयाचा फुकट प्रवेशाचा दिवस, आणि काचेचं ते झाडांचं घर. तिथे केळीच्या पानाखालच्या बाकावर मी दोन तास बसले होते. चष्म्यावर वाफ धरली म्हणून पुसायला काढला, आणि थोडा वेळ तसाच हातात ठेवला. आगगाडीच्या फलाटावर ते वरचे दिवे असतात ना, बटण दाबलं की तापणारे, त्यांच्याखाली सगळी अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात. माझी गाडी आली तरी मी सोडली. पुढचीही सोडली.

माझी वहीची सवय तू विसरला नसशील. पानाच्या शेवटी उद्याचं एक काम. शनिवारच्या पानावर लिहिलं आहे: ‘उद्या आर्लनकडे जाणे’. रविवारी रात्रंदिवस बर्फ पडला, म्हणून त्या पानावर तेच. सोमवारी मी तुझ्या कोपऱ्यापर्यंत आले, धुलाईच्या दुकानात शिरले, दुसऱ्यांचे कपडे गरगर फिरताना पाहिले आणि परत गेले. तेच काम पुन्हा लिहिलं.

काल, मंगळवारी, आले. तुझा नंबर असलेल्या विटांच्या घरासमोर उभी राहिले. बेल वाजवायची होती. तुला एक गोष्ट सांगायची होती, तीन वर्षांपूर्वीच सांगायला हवी होती अशी. आणि मग रस्त्यात, कचरा टाकावा तशी, बाबांची खुर्ची दिसली.

आधी वाटलं तसलीच दुसरी असेल. पण पिवळं रेक्झिन, डाव्या कडेला बाबांनी काळी चिकटपट्टी लावलेली, मागच्या पायाला तारेचा वेढा. चाळीस वर्षं त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं नाही. अंत्यविधीनंतर तू घरातून एवढी एकच वस्तू मागितलीस आणि ट्रकमध्ये घोंगडीत गुंडाळून नेलीस. ती अशी, बर्फात, दोन गाड्यांच्या मधे, उघड्यावर!

ठेवायची नव्हती तर कळवायचं होतंस. मी येऊन घेऊन गेले असते.

मी ती उचलली. होय, उचलली आणि घेऊन आले. बसचा ड्रायव्हर म्हणाला, “बाई, माझ्या बसमध्ये बसायला जागा असते हो, घरून आणायची गरज नव्हती!” सगळी बस हसली. मीही हसले असेन. आता ती माझ्या पलंगाशेजारी आहे आणि तिच्यावर बसूनच हे लिहिते आहे.

म्हणजे तुझ्या बाजूने हिशेब मिटला आहे असं मी समजते. जे सांगायला आले होते ते सांगायची गरज उरली नाही. हे पत्र शुक्रवारी बसमध्ये चढण्याआधी पोस्टात टाकीन. तुला मिळेल तेव्हा मी घरी असेन.

थांबते. खाली कोणीतरी हाका मारतं आहे.

 

गुरुवार, १८ जानेवारी

आर्लन, वरचं सगळं फाडून टाकणार होते. नाही फाडलं. मी काय विचार केला ते तुला दिसलं पाहिजे.

काल हाक मारत होत्या त्या बर्नडीन. इथल्या कचेरीत बसतात, साठीच्या आहेत, जन्म याच शहरात गेला. चादरी बदलायला आलेल्या मुलाने त्यांना सांगितलं होतं की आयोवाच्या बाईंनी खोलीत खुर्ची आणली आहे. त्या कमरेवर हात ठेवून खुर्चीपुढे उभ्या राहिल्या.

“ही कुठून आणलीस गं?”

“रस्त्यावर पडली होती.”

“पडली होती, का ठेवली होती?”

मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“दोन गाड्यांच्या मधे होती? आणि तिच्याखालचा बर्फ साफ काढलेला होता? अगदी डांबर दिसेपर्यंत?”

“हो.”

“अगं माझ्या बाई!” त्या पलंगावरच बसल्या. “आयोवात बर्फ पडत नाही का गं?”

“पडतो की. आमच्याकडे प्रत्येकाच्या घरापुढे गाडीची जागा असते.”

“तरीच. ऐक, पोरी. इथे ज्याने कंबर मोडून बर्फ उपसला, जागा त्याची. तो कामावर जाताना तिथे काहीतरी ठेवून जातो. खुर्ची, बादली, मोडकं इस्त्रीचं टेबल. बर्फ वितळेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. आमच्या गल्लीत एकाने कमोड ठेवला होता.”

“कमोडला कोण हात लावणार?”

“तेच तर डोकं चालवलं त्याने!” त्या हसल्या, मग माझ्याकडे पाहून थांबल्या. “नवरा पळवलास तर लोक विसरतील. खुर्ची पळवलीस तर टायर फोडतील. कोणाची आहे ही?”

“माझ्या भावाची,” मी म्हटलं.

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी आपल्या डब्यातलं सूप गरम केलं आणि अर्धं माझ्यापुढे ठेवलं.

कालचं वाचून तुला वाटेल मला राग आला. आला होता. पण वहीपुढे बसले की मला अर्धवट लिहिता येत नाही. खुर्ची उचलली तेव्हा रागाच्या आधी मला हायसं वाटलं होतं. आर्लनने बाबांना रस्त्यावर टाकलं, आता मी त्याचं काही देणं लागत नाही, असं मनात आलं. एवढी जड खुर्ची, पण बसमधून उतरून चार चौक चालताना हात दुखले नाहीत. ते मला आज आठवतं आहे.

आज दुपारी पुन्हा तुझ्या रस्त्यावर आले. खुर्ची न घेता. नुसतं बघायला, किंवा धाडस होतं का ते बघायला. तुझ्या साफ केलेल्या जागेत कोणाची तरी लाल गाडी उभी होती. मी समोरच्या बसथांब्याच्या आडोशाला होते. मफलर डोळ्यांपर्यंत. चारच्या सुमाराला तू आलास, पार वरच्या चौकातून, पायी. गाडी तिकडे कुठेतरी लावावी लागली असणार. हातात किराण्याची पिशवी, आणि डावा पाय तू जपून टाकत होतास. पाठीमागून तू बाबांसारखा दिसतोस हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मला वाटलं तू लाल गाडीला लाथ मारशील. तू तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. पायऱ्यांखाली वाकून पाहिलंस. शेजारच्या बोळात जाऊन कचऱ्याच्या पिंपांची झाकणं उघडलीस, एकेक. शेजारच्या बाई मीठ टाकायला बाहेर आल्या तेव्हा तू विचारलंस, “लुपे, माझी खुर्ची नाही ना दिसली कुठे?”

“अजून तीच शोधतोयस? माझं इस्त्रीचं टेबल घेऊन जा. नाहीतर सासूला बसवते तिथे, कोणी फिरकणार नाही.”

“जागा गेली खड्ड्यात. खुर्ची माझ्या वडिलांची होती.”

“मग बाहेर कशाला ठेवलीस रे शहाण्या?”

“म्हातारा त्या खुर्चीत बसला की जवळ जायची कोणाची हिंमत नव्हती.” तू हसलास. “म्हटलं, जागा तरी राखेल.”

मी पंधरा पावलांवर होते, आर्लन. बस आली, दार उघडलं, आणि मी चढले.

आता ती गोष्ट. वळसे घेतले तर उद्यावर जाईल.

शेवटच्या आठवड्यात बाबांनी तुझं नाव काढलं. एकदा नाही. सोमवारी सकाळी ते म्हणाले, “आर्लनला बोलाव.” मी म्हटलं, हो. मंगळवारी विचारलं, “निघाला का तो?” बुधवारी म्हणाले, “माझं दुकान त्याला चालवायचं नव्हतं, ठीक आहे, त्याला सांग, ठीक आहे.” गुरुवारी फक्त नाव घेतलं. त्या चारही दिवसांच्या पानांवर खाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: ‘उद्या आर्लनला फोन’. शुक्रवारी पहाटे ते गेले, आणि फोन केला तो ते कळवायला.

का नाही केला? औषधाच्या गुंगीत बोलताहेत, हे मी स्वतःला सांगितलं. रस्ते बर्फाने बंद आहेत, हेही सांगितलं. रस्ते सुरू होते. खरं एवढंच की आठ वर्षं त्यांना मी भरवलं, पुसलं, उठवलं, बसवलं, आणि त्या चार दिवसांत एकदाही त्यांनी इंगा म्हणून हाक मारली नाही. आता यानं यावं, पलंगाशी पाच मिनिटं बसावं आणि सगळं मिटावं, हे मला सहन होईना. एक दिवस, म्हटलं. एकच दिवस अजून ते माझे असू देत. असे चार झाले.

मग अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात, हॅमचे सँडविच आणि कागदी पेल्यातली कॉफी घेऊन बायका फिरत होत्या तेव्हा, तू मला खांबाआड नेलंस आणि विचारलंस, “माझं नाव काढलं का गं त्यांनी?” आणि मी म्हणाले, “नाही.”

तू मान हलवलीस. कॉफी संपवलीस. पेला चुरगळून खिशात ठेवलास, कचऱ्याचा डबा शेजारीच असताना. आणि म्हणालास, “इंगे, ती खुर्ची मी नेली तर चालेल?”

मी तुझ्याशी तीन वर्षं का बोलले नाही ते आता तुला कळलं. तुझा राग नव्हता. कार्डावर तू दर वेळी ‘तू त्यांच्याजवळ होतीस याचं बरं वाटतं’ असं लिहितोस. ते वाचून मी कार्ड फ्रिजवर लावायचे, म्हणजे दूध काढताना रोज दिसावं. शिक्षा म्हणून. शिक्षा भोगली की सांगावं लागत नाही, असं काहीतरी माझं चाललं होतं. तुला मात्र त्यातून काहीच मिळत नव्हतं. तू तीन वर्षं ‘नाही’ घेऊनच बसला होतास.

त्यांनी तुला बोलावलं होतं. तुझी वाट पाहिली. ‘ठीक आहे’ म्हणाले, दोनदा. त्या पानांची वही मी बरोबर आणली आहे. माझ्यावर विश्वास ठेवण्याची तुला गरज पडू नये म्हणून.

मला माफ कर असं लिहायला घेतलं आणि खोडलं. ते तू ठरव, सावकाश, किंवा कधीच नाही. हे पत्र पोस्टातही टाकणार नाही. पोस्टात टाकून बसमध्ये बसायचं आणि तू वाचशील तेव्हा अडीचशे मैल दूर असायचं, हाच माझा पहिल्यापासूनचा बेत होता. तो पाचवा दिवस झाला असता.

माझी बस उद्या दुपारी बाराला आहे. बर्नडीन म्हणतात तू साडेसहाला निघत असशील, इथले सगळे तसेच निघतात. खुर्चीचं रेक्झिन मी कोरड्या फडक्याने पुसलं. चिकटपट्टीचं एक टोक सुटलं आहे, त्याला हात लावला नाही.

तुझी,
जिने खोटं सांगितलं ती बहीण,
इंगा

उद्या : सहाच्या आत आर्लनची बेल वाजवणे.