पाठवणीची चिंच

उचगाव,
६ एप्रिल २०२५

चि. श्रुतीबाळास आबाकडून पोटभर आशीर्वाद.

तुझा घसा बरा झाला का? बेंगळुरूचं पाणी उकळून पीत जा. जावईबापू ऋतुराज यांचा गुडघा कसा आहे? फुटबॉल लग्नानंतर खेळा म्हणावं, बोहल्यावर लंगडा नवरा आम्हाला चालायचा नाही. तुझ्या खोलीतल्या राजनंदिनीची दाढ काढली का? आणि तुझ्या प्रयोगशाळेतल्या त्या काचेच्या ताटलीतल्या लाळग्रंथीच्या पेशी, त्यांनाही विचारलंय म्हणून सांग. खाऊन-पिऊन सुखी आहेत ना?

इकडे तुझ्या आजीची कंबर भाकरी थापताना दुखते, भांडताना दुखत नाही. म्हस व्याली, रेडी झाली. फोनवर आजी शेजारी कान लावून बसते, म्हणून हे पत्र. तिला कळू द्यायचं नाही असं काहीतरी आहे. सांगतो, आधी म्हशीचं ऐक.

परवा गोठ्यात विम्याचे पावणे आले. परका माणूस बघितला आणि म्हशीनं पान्हा चोरला. आजी कास चोळून दमली, पण थेंब नाही. दूध कासेत होतंच की! भीतीनं वाट तेवढी बंद. पावणे गेले, मी तिच्या पाठीवरनं हात फिरवला, तशी बादलीत धार घुमली. तेव्हा कुठं तुझं ते रिसेप्टर माझ्या डोक्यात शिरलं.

साखरपुड्याला आलीस तेव्हा तू किती जीव तोडून समजावलंस. पेशींच्या अंगावर दाराला असाव्यात तशा कड्या असतात, अ‍ॅड्रिनॅलिन येऊन त्या वाजवतं. एक वाजली की थोडं पाणी सुटतं, दुसरी वाजली की चिकट, घट्ट ऐवज बाहेर पडतो. आणि तिसरी आहे ती पार वर, मेंदूकडच्या वाटेवर. ती वाजली की लाळेला निघालेला निरोपच अडतो. मी मान डोलवत होतो, पण माझं ध्यान कड्यांवर नव्हतं.

कशावर होतं ते तुला ठाऊक आहे. त्याच सकाळी तू म्हणालीस, "आबा, लग्नात सनई तुमचीच." आणि मी चारचौघांत म्हटलं, "दात गेले बाळ माझे. बँड ठरव." तू ताटावरून उठली नाहीस, पण नुसता घास चिवडत बसलीस.

दात गेले ते खरं. पण सनई दातांनी थांबवली नव्हती. तोंडच सुकलं होतं. सनईची पत्ती ओठांत भिजल्याशिवाय बोलत नाही. पंचक्रोशीची लग्नं वाजवलेला माणूस थुंकी नाही म्हणून घरी बसला, हे कुठल्या तोंडानं सांगू?

खरं तर आम्हा वाजवणाऱ्यांना जास्तीची लाळ म्हणजे वैरीण. वरातीत टवाळखोर मुद्दाम समोर उभं राहून चिंच चोखायचे. आमच्या तोंडाला पाणी सुटायचं, पत्ती चिंब होऊन फुसफुसायची, सगळी वरात खदाखदा हसायची. आपला बाळासो संबळ टाकून त्यांच्या अंगावर धावायचा. गेल्या वर्षी तोच बाळासो माझ्यापुढं चिंच खात बसला, आणि माझं तोंड कोरडं ठणठणीत. थट्टेखोर माणूस, पण हसला नाही. त्या दिवशी सनई पेटीत गेली. आजी रोज पेटीवरची धूळ पुसते.

साखरपुड्याच्या पंगतीत तू मात्र मला घासागणिक तांब्या उचलताना बघितलंस आणि गोळ्यांची पिशवी उलटी केलीस. "आबा, ब्लडप्रेशरची ही गोळी ती तिसरी कडी वाजवते. आपल्या मनानं बंद करू नका. डॉक्टरांना तोंडाचं सांगा."

गेलो. डॉक्टर म्हणाले, "आधी का नाही बोललात?"

"लाळ येत न्हाय म्हणून कोण दवाखान्यात येतंय, सायेब?"

हसले, आणि गोळी हळूहळू उतरवत दुसरी दिली. प्रेशर ठीक आहे, काळजी नको.

आणि काल! बाळासो कैरी नि तिखट-मीठ घेऊन गोठ्याच्या कट्ट्यावर बसला. कचकन फोड तोडली, तशी माझ्या कानाखाली कळ आली आणि पाणी सुटलं ते आवरेना.

बाळासो मला म्हणाला, "आकाराम्या, धोतरावर लाळ गळतीया की!"

"गळू दे! खा तू, आणि खा!"

"व्हय, माझा घसा बसला म्हंजी?"

"तुझा बसू दे, माझी सनई उठली!"

आतून आजी ओरडली, "काय झालं ओ?"

"काय न्हाय, कैरी लई आंबट हाय!"

मग पेटी जागेवरच ठेवून सनई तेवढी मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत नेली. पहिला सूर फाटका निघाला. नंतरचा बरा. पुढचा असा लागला की बाळासोनं डोळे पुसले, आणि वर म्हणतो कसा, तिखट गेलं.

तर बाळ, बँडवाल्यांना नको म्हणून कळव. आजीला मांडवातच ऐकू दे. अक्षता पडेपर्यंत पहिल्या रांगेत चिंच-कैरी कुणी खायची नाही, हे जावईबापूंच्या मंडळींना बजावून ठेव.

पाठवणीला मात्र माझं तोंड पुन्हा कोरडं पडेल. तो दोष गोळीला देऊ नकोस, तुझ्या पेशींच्या कड्यांनाही नको. तेव्हा तू शालूच्या ओच्यात चिंचेचं एक बुटुक ठेव. माझ्यासमोर उभी राहा आणि मिटक्या मारत खा. मी वाजवीन.

आधी कुठला सूर धरू ते लगेच लिही. पत्र बाळासोच्या पत्त्यावर टाक, आणि उशीर लावू नकोस. मी आजपासून रोज मळ्यात पत्ती भिजवून बसणार आहे.

तुझ्या लग्नाचा सनईवाला,
आबा