डाव्या बाजूचा आवाज

४ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघे कुरकुरतात, तेव्हा साष्टांग कागदावरचाच गोड मानून घे.

हा माणूस एकाएकी पत्रं कसला लिहायला लागला, असं तू म्हणशील. वर्षभर मी तुझे फोन उचलले नाहीत, हे मला ठाऊक आहे. कामं फार असतात. मीटिंगला जाताना फोन बाहेर ठेवावा लागतो. घरी रेंजची बोंब. आणि त्या दिवशी फोनवर आपलं जे झालं, त्याबद्दल सवडीनं लिहीनच. दाजींची तब्येत आता छान आहे, रोज बागेत फेऱ्या मारतात, असं तुझ्या भावजयीकडून कळलं. जीव भांड्यात पडला.

माझी बातमी अशी की मला नवी जबाबदारी दिली आहे. सैन्याला लागणारी नवी यंत्रं बाहेरच्या छोट्या-मोठ्या कारखान्यांना सोबत घेऊन तयार करायची. विभागाचं नाव इतकं लांब आहे की दारावरच्या पाटीत मावेना, रंगाऱ्यानं शेवटची अक्षरं एकमेकांच्या मांडीवर बसवली आहेत. आत तीन टेबलं, एक फळा आणि हाताखाली एक तरुण कॅप्टन. ही मुलगी माझ्या प्रत्येक वाक्यावर "पण का, सर?" विचारते. तुझ्या वर्गात पहिल्या बाकावर शोभली असती.

पहिलं काम मी स्वतः निवडलं. तोफखान्यातल्या लोकांचे कान. तोफ उडते तेव्हा कानात घालायला बोळे दिलेले असतात, पण ते घातले की हुकूमही ऐकू येत नाही. मग मंडळी बोळे खिशात ठेवतात आणि तपासणीच्या दिवशी तेवढे कानात. नोकरी संपेपर्यंत कान कामातून जातात. एका तोफेचा प्रमुख आहे, त्याला सगळे भोंगा म्हणतात. त्याची बायको सांगत होती, "हे घरात साधं पाणी मागतात, तर शेजारचे दार उघडून बघतात."

"पण का, सर? कानच का?" कॅप्टननं विचारलंच.

"सुरुवात कुठून तरी करायची," मी म्हणालो.

मोठ्या कंपन्यांना पत्रं पाठवली. त्यांची गुळगुळीत कागदावरची उत्तरं आली. मग कॅप्टननं एक पत्ता शोधून काढला. बेकरीच्या वरच्या मजल्यावर एक बाई ऐकायची यंत्रं बनवतात, म्हाताऱ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी. जिन्यात ताज्या पावाचा वास, वर सात-आठ जणी दिव्याखाली चिमट्यानं मोहरीएवढे भाग बसवत होत्या. बाईंनी माझा गणवेश वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "लढाईचं काही मी बनवत नाही."

"तोफ नाही बनवायची, बाई. तोफेमागच्या माणसाला वाचवायचंय."

त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि मला समोरची खुर्ची दिली. मी ती उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन बसलो. त्या माझ्याकडे जरा विचित्र बघत होत्या. पण काम घ्यायला तयार झाल्या, हे महत्त्वाचं.

दाजींना नमस्कार. उत्तर लिहिलंस तर बरं वाटेल.

तुझा धाकटा


२१ मार्च

ती. ताईस,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "सबबी सांगायची तुझी सवय जुनी आहे. खरं काय ते लिही. दाजी बरे आहेत." एवढंच! शाळेच्या शेऱ्यापेक्षाही लहान. तरी मी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे.

खरं लिहितो. आधी मैदानावर काय झालं ते सांगू दे, कारण खरं तिथूनच सुरू होतं.

बाईंनी बनवलेली वस्तू शेंगदाण्याएवढी आहे. ती ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाची, म्हणून आमचे लोक बेकरीच्या वर माप द्यायला गेले. धिप्पाड माणसं कानात गुलाबी लगदा भरून, माना वाकड्या करून बाकावर ओळीनं बसलेली. शेजारी एक चिमुरडी स्वतःचं यंत्र दुरुस्त करून घ्यायला आली होती. तिनं भोंग्याला विचारलं, "काका, तुमचं कुठल्या रंगाचं?" भोंग्यानं सोबत आलेल्या कर्नलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "हिरवं मिळणार वाटतं." ती म्हणाली, "जांभळं मागा." तेव्हापासून माझ्या टेबलावर भोंग्याचा रीतसर अर्ज पडून आहे, जांभळ्यासाठी.

ती वस्तू स्फोटाच्या क्षणी कान बंद करते, लगेच उघडते आणि एरवी हळू आवाज मोठा करून ऐकवते. कारखान्यात झकास चालली. मैदानावर मात्र फजिती. भोंगा ओरडला "थांबा", लोकांना ऐकू आलं "बा". तो म्हणाला "भरा", यांना "रा". सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. खरेदी विभागाचे प्रमुख आले होते. त्यांनी वही मिटल्यासारखं तोंड मिटलं आणि गाडीकडे वळले.

पूर्वी इथेच सगळं संपलं असतं. आमचा शेरा कारखान्याला, कारखान्याचा खुलासा आम्हाला, आणि मधे दोन पावसाळे. मी बाईंना आणि त्यांच्या दोघी इंजिनियरना म्हटलं, "परत जाऊ नका. तंबू लावून देतो. इथेच बसा आणि हे लोक कसे काम करतात ते बघा." वरून विचारणा झाली, बाहेरची माणसं मैदानावर कशी ठेवता? मी म्हणालो, "माझ्या जबाबदारीवर." लेखी मागितलं, लेखी दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई धुळीनं माखलेल्या, डोक्यावर भोंग्याची टोपी, धावतच आल्या. "अहो, आम्ही कारखान्यात धमाका झाला की नीट थांबून मग बोलतो. हे तर धूर निघायच्या आत ओरडतात! आम्हाला कुणी सांगितलंच नाही!" भोंगा म्हणाला, "आम्हाला कुणी विचारलंच नाही!" दोघं एकमेकांवर एवढ्या मोठ्यानं ओरडत होते की भांडण वाटावं. पण दोघं हसत होते. संध्याकाळपर्यंत तंबूतल्या टेबलावर एकीकडे इंजिनियर, एकीकडे तोफेवरचे लोक, मधे चहाचे पेले. पुढच्या आठवड्यात "थांबा" पूर्ण ऐकू यायला लागलं.

मग बाई म्हणाल्या, "आता साहेबांनी घालून बघावं."

माझंही माप त्यांनी तेव्हाच घेतलं होतं, ते मी घातलं. ताई, त्या उजाड मैदानात टिटव्या आहेत. मी तिथे अर्धं आयुष्य काढलं, मला वाटायचं पूर्वी होत्या, आता राहिल्या नाहीत. डावीकडून एक ओरडली आणि मी चक्क वळून पाहिलं. तेवढ्यात माझ्या डाव्या खांद्यामागे भोंगा एका नव्या अधिकाऱ्याला हळू आवाजात सांगत होता, म्हणजे त्याच्या मते हळू, "सर, या बाजूला नका उभे राहू. साहेबांना डावीकडचं ऐकू येत नाही. उजवीकडे या, आणि ओठ दिसतील असं बोला."

मला वाटत होतं हे गुपित माझं एकट्याचं आहे!

बाईंनी तर मी खुर्ची हलवली त्याच दिवशी ओळखलं होतं.

तर खरं हे आहे. डावा कान जवळजवळ गेला आहे, उजवा अर्धा. तरुणपणी मीही बोळे खिशातच ठेवायचो. फोनवर मला शब्दांचे तुकडे कळतात आणि बाकीचं मी अंदाजानं भरतो. त्या दिवशी तू बोललीस, त्यातलं मला फक्त "दाजींना" आणि "नेलंय" एवढं कळलं. मला वाटलं, तू त्यांना कुठेतरी फिरायला नेलं आहेस. म्हणून मी म्हणालो, "अरे वा! मजा करा!" तुझ्या नवऱ्याला हॉस्पिटलमध्ये नेलं होतं आणि मी मजा करा म्हणालो. तू फोन ठेवलास. खरं काय झालं ते तुझ्या भावजयीनं मला रात्री सांगितलं. त्यानंतर तुझा फोन वाजला की हात पुढे जायचा आणि थांबायचा. पुन्हा काही भलतंच बोललो तर?

यापेक्षा जास्त लिहवत नाही.

तुझा धाकटा


२ जून

ती. ताईस,

आठ पानं! आणि प्रत्येक पानावर मला वेगळी शिवी, तीही शुद्धलेखनाची एक चूक न करता. "मूर्खा, बहिरेपण लपवायला बहीणच सापडली?" हे वाक्य मी काल तुझ्या भावजयीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वन्सं बरोबर बोलल्या." दाजींनी खाली हलत्या अक्षरात लिहिलंय, "मजा करतोय." त्यावर मी इतका हसलो की डोळे पुसावे लागले. हसण्यानंच आलं होतं पाणी, असं समज.

आता पुढचं ऐक.

गेल्या आठवड्यात वरिष्ठांची समिती बसली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर आलेख. बाई नवी साडी नेसून आल्या होत्या आणि घाबरून सारख्या चष्मा पुसत होत्या. सगळं सुरळीत चाललं होतं. मग खरेदीच्या प्रमुखांनी विचारलं, "बोळे आधीपासून दिलेले आहेत. नोंदींप्रमाणे कुणाची तक्रार नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी?"

ते खोटं बोलत नव्हते. तक्रार नव्हतीच, कारण तक्रार केली की डॉक्टरांचं मंडळ बसतं आणि माणसाला तोफेवरून काढतं. भोंगा कधी बोलला नाही. मी कधी बोललो नाही. कॅप्टन माझ्याकडे बघत होती. या वेळी तिनं "पण का" विचारलं नाही.

मी उभा राहिलो. "माझी नोंद करून घ्या," मी म्हणालो. "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. पटत नसेल तर डॉक्टरांनी माझ्या डावीकडे उभं राहून तोंडावर कागद धरावा आणि नेहमीच्या आवाजात काहीही बोलावं."

समितीवरचे डॉक्टर उठले, कागद धरला. मी समोर बघत राहिलो. आणि ताई, टेबलाभोवतीचे सगळे हसायला लागले. खरेदीचे प्रमुखसुद्धा! मला कळेना काय झालं. एवढ्या माणसांत आपणच विनोदाच्या बाहेर. गेली कित्येक वर्षं लग्नाकार्यांत, जेवणांत मी असाच उगाच हसत आलो, इतरांचे चेहरे बघून. या वेळी हसलो नाही. खिशातून बाईंची वस्तू काढली, कानात घातली आणि म्हणालो, "डॉक्टर, पुन्हा बोला."

"साहेब, तुमच्या बुटाची नाडी सुटली आहे."

मी खाली वाकलो आणि नाडी बांधली.

मग अध्यक्षांनी टाळी वाजवली आणि सगळी खोली टाळ्यांनी भरली. त्याही मला दोन्ही बाजूंनी ऐकू आल्या. ठराव झाला की तोफखान्यातल्या प्रत्येकाला ही वस्तू मिळणार, आणि कानांची तक्रार केली म्हणून कुणाला शिक्षेसारखं घरी बसवायचं नाही, दुसरं काम द्यायचं. हा दुसरा मुद्दा अध्यक्षांनी स्वतः घातला. बाई जिन्यातच रडल्या, मग रडता रडता हिशेब करायला लागल्या की खालच्या बेकरीवाल्याकडे आणखी एक खोली मागावी लागेल. भोंग्याचा जांभळ्याचा अर्ज मात्र फेटाळला गेला. त्यानं आतल्या बाजूला जांभळा ठिपका लावून घेतला आहे. बाहेरून दिसत नाही, म्हणून नियमात बसतो!

माझं मंडळही बसलं. मला आता सैन्य घेऊन मैदानात जाता येणार नाही. निकालाचा कागद मी तीनदा वाचला, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण माझा विभाग माझ्याकडेच ठेवला आहे. आता जवानांना छळणाऱ्या धुळीचं, घामाचं आणि पाठीवरच्या ओझ्यांचं बघायचं आहे. कारखान्यांची माणसं हल्ली न बोलावता तंबूत येऊन बसतात. पाटी मोठी करायला दिली आहे.

घरी आलो आणि तुझ्या भावजयीला सगळं सांगितलं. तिला नवल वाटेल अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, "मी एवढी वर्षं तुमच्या उजव्या बाजूनं चालते, ते काय उगीच?" ताई, माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. फिरायला निघालो की ती रस्ता ओलांडून, गर्दीतून वाट काढून, पुन्हा उजवीकडे यायची. मला वाटायचं तिला तसं आवडतं.

काल बाईंची वस्तू कानात घालून मी तिला मुद्दाम डावीकडे घेतलं. ती अवघडली, दोनदा मागून फिरून पलीकडे जायला निघाली. मी हात धरून ठेवला. मग कोपऱ्यावरच्या दिव्यापाशी ती एकदम बोलायला लागली, न थांबता, अगदी हळू आवाजात. शेजारणीच्या मांजरीपासून ते लग्नाच्या वेळी मी घातलेल्या भयंकर बुटांपर्यंत. मी सगळं ऐकलं. मधे मधे उत्तरंही बरोबर दिली.

रविवारी सकाळी फोन कर. दाजींनाही जवळ बसव.

अजून पुष्कळ लिहायचं होतं, पण ती स्वयंपाकघरातून हाक मारते आहे. दार लोटलेलं आहे, मधे दोन खोल्या आहेत, आणि तिनं आवाजही चढवलेला नाही. दुसऱ्या हाकेची वेळ तिच्यावर येऊ द्यायची नाही, म्हणून इथेच उठतो.

तुझा, सगळं ऐकणारा,
धाकटा